जहाजाची शेपटी

वर्ध्यातल्या एका शाळेच्या पटांगणात सिमेंटच्या ओट्यावर एक निवृत्त लढाऊ विमान उभं आहे. ऐंशीच्या दशकात ते तिथं आलं. दर दोन-तीन वर्षांनी शाळेवाले त्याला रंग देतात आणि दर वेळी ते आधीपेक्षा चकचकीत होतं. माझी त्याला हरकत नाही. आपलं म्हातारपण कोणी फुकटात रंगवून देत असेल तर कोण नको म्हणेल? माझ्या तक्रारी दोनच. एक म्हणजे त्याचे पंख कायमचे पसरून ठेवलेत. दुसरी मला जास्त लागते. त्याच्या शेपटीखालचा हूक तारेनं वर बांधून टाकलाय. लोंबताना बरा दिसत नाही, असं तिथला शिपाई सांगतो. मी गेलो की ती तार सोडतो. पुढच्या वेळी गेलो की ती पुन्हा बांधलेली असते. शिपाई बदलले, मुख्याध्यापक बदलले, आमचा हा खेळ मात्र चालूच आहे.

त्या हुकाशी माझं नातं आहे. मी नौदलात पंधरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी विमानवाहू जहाजाच्या डेकवर, आणि तिथं माझं मुख्य काम होतं उतरलेल्या विमानाचा हूक दोरातून सोडवणं. हे वाक्य मी आज सहज लिहून टाकलं. पण हेच वाक्य एकदा गावात बोललो आणि त्यापायी माझ्या बाबांचं, ताठ मानेनं चालणाऱ्या माणसाचं, गावभर हसू झालं. तेही एका दिवसापुरतं नाही, वर्षानुवर्षं.

आमचं गाव समुद्रपूर. नाव समुद्रपूर, आणि समुद्र म्हणाल तर कुठल्याही दिशेला शेकडो कोस नाही. कापूस आहे, तूर आहे, एसटी आहे, धूळ आहे. या नावानं मला पहिला हिसका दिला तो भरतीनंतर. पोहण्याच्या तलावाकाठी आम्हा नव्या पोरांना उभं केलं होतं. शिकवणारे उस्ताद उत्तरेकडचे, मोठ्या मिशांचे. त्यांनी माझं गाव विचारलं. मी सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "समंदर वाला है! चल, पहले तू कूद."

उस्तादांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. मी उडी मारली आणि सरळ तळाशी गेलो. आमच्याकडच्या नाल्यात गुडघ्याएवढं पाणी, तेही चार महिने. शेवटी टोकाला आकडी लावलेल्या लांब बांबूनं कॉलर अडकवून मला वर ओढलं. विहिरीत बुडालेली बादली काढतात तसं. उस्ताद खूप हसले, आणि मग त्यांनीच मला पोहायला शिकवलं. पुढे मी बरा पोहू लागलो, पण समुद्रपूर हे माझं नाव तिथं कायमचं चिकटलं.

डेकवरचं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विमानवाहू जहाजाचा डेक मोठा असतो असं लोक म्हणतात. वरून येणाऱ्या विमानाला विचारा. त्याला तो दाराच्या उंबरठ्याएवढा दिसत असेल. एवढ्याशा जागेत ते नुसत्या ब्रेकनं थांबणं शक्य नाही. म्हणून डेकवर आडवे तारेचे जाड दोर ताणलेले असतात, आणि विमानाच्या शेपटीखाली एक लोखंडी हूक असतो. विमान टेकतं, हूक दोराला अडकतो, दोर करकरत बाहेर ओढला जातो आणि ते अजस्र धूड जागच्या जागी थांबतं. मग एक माणूस धावत जातो, हूक अजून दोरात अडकला असेल तर सोडवतो आणि हात वर करतो. वैमानिक पंख मिटतो आणि विमान पुढे सरकतं, कारण मागचं विमान तोवर डोक्यावर आलेलं असतं.

तो धावत जाणारा माणूस मी. आमच्या विमानाचा गरम झोत शेपटीतून निघत नसे, दोन्ही पंखांच्या बगलेतून निघून शेपटीच्या अंगानं मागे जाई. कुठून शिरायचं आणि किती वाकायचं ते डोक्याला नाही, अंगालाच ठाऊक असावं लागे. पाऊल चुकलं तर भाजायचं, नाहीतर समुद्रात उडून पडायचं. मला या कामाचा गर्व होता, आजही आहे. पायलट उडवतात ते खरंच, पण प्रत्येक जण घरी येताना आधी आमच्या दोरात यायचा.

एकाहत्तरच्या लढाईत आम्ही बंगालच्या उपसागरात होतो. सकाळी विमानं जायची आणि आम्ही डेकवर आकाशाकडे तोंड करून थांबायचो. पहिला ठिपका दिसला की मोजायला लागायचो, आणि शेवटच्या विमानाला दोर करकरला की मोजणं थांबायचं. एकदा एक विमान पंखाला भोकं घेऊन आलं. हूक बसला, दोर ताणला गेला, मी धावलो. वैमानिक खाली उतरला तो आधी विमानाच्या मागे गेला आणि त्यानं हुकावर थाप मारली. मग माझ्या खांद्यावर मारली. दोघांना एकसारखीच. त्या थापेपुढे मला पुढच्या आयुष्यात कोणत्याही शाबासकीचं अप्रूप वाटलं नाही.

लढाई संपली आणि त्या पुढच्या पावसाळ्यात मला पोळ्याच्या सुमाराला सुट्टी मिळाली. मी गावी आलो तेव्हा स्वागत पाहून चकितच झालो. आमच्याकडे समुद्रातलं जहाज कोणी पाहिलेलं नव्हतं. आकाशातून नागपूरकडे जातं ते आमचं जहाज. आणि मी घरी कळवलं होतं की मी जहाजावर असतो. बाबांनी ते गावाला सांगितलं. गावानं हिशेब केला की पोरगा जहाज उडवतो. शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "वरून जाशीन तवा माया पोरीच्या गावावर जराक हात हलवजो. ते आंगनातच असते."

मला हे पटेना. न केलेल्या कामाची शाबासकी घ्यायची म्हणजे केलेल्या कामाचा अपमान, असा माझा तेव्हाचा ताठा. म्हणून मी पारावर बसून सगळं खरं सांगायला घेतलं. मी म्हणालो, "मी उडवत नाई. आमचं जहाज पान्यात राह्यते. त्याच्यावर उडनारे जहाज उतरते. त्यायच्या शेपटीले हूक असते, तो दोराले अडकते, मंग मी तो सोडवतो."

ऐकणाऱ्यांत गावातले कापडवाले काका बसले होते. बापजाद्यांपासून कापडाचं दुकान, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि जिभेला धार अशी की गावात त्यांच्या कोणी नादी लागत नसे. त्यांच्या दुकानात पोलक्याचे तुकडे मिळत आणि त्यांना लावायचे हूकही मिळत, पुठ्ठ्यावर ओळीनं टाचलेले. आमच्या गावाला हूक म्हणून जी वस्तू ठाऊक होती ती तेवढीच.

काकांनी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून माप दाखवलं आणि गंभीरपणे विचारलं, "एवढाच हूक न? का जहाजाच्या पोलक्याले जराक मोठा लागते?"

पार हसून हसून आडवा झाला. मी म्हणालो तसा हूक नाही, मोठा असतो, लोखंडाचा असतो. जितकं सांगावं तितकं ते वाढत गेलं. काही लोक हसले, काहींनी मान हलवली, आणि बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की यांना मी थापाड्या वाटतोय. कालपर्यंत मी पायलट होतो, आता शेपटीवाला झालो. बाबा उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

खरा घाव पोळ्याच्या दिवशी बसला. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली रांगेत उभे करतात आणि मग झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचा यमक जुळवलेला टोमणा. एकानं दुसऱ्याला मारायचा आणि दुसऱ्यानं यमकातच परत करायचा. शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. झडतीत काहीही बोललं तरी राग धरायचा नाही, असा नियम आहे. पण झडतीला झडतीनंच उत्तर द्यावं लागतं. साधं बोललात की हरलात.

बाबांची जोडी दरवर्षी रांगेत पुढे असायची. शिंगांना बेगड, पाठीवर माईनं शिवलेली झूल, आणि कासरा धरून बाबा, फेट्यात. कापडवाले काका समोर आले, त्यांनी हात वर केला आणि म्हणाले:

"समुद्रपूरले समुद्र नाई, नावालेच पानी,
सुट्टीवरून पोरगं आलं, सांगे नवी कहानी!
जहाजावर जहाज बसे, म्हशीवर जसा काऊ,
पोलक्याच्या हुकानं थांबे, नवल किती गाऊ!"

हर हर महादेवच्या गजरात हसण्याचा एवढा लोंढा आला की बैल बुजले. मग सगळे बाबांकडे पाहू लागले, उत्तरासाठी. बाबांना यमक कधीच जमलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी रडकुंडीच्या आवाजात सरळ बोलले, "माया पोरगा खोटं नाई बोलत!"

ते यमकात नव्हतं. म्हणजे ते हरले. लोक अजून मोठ्यांदा हसले. मी बाजूला उभा होतो, अंगावर नौदलाचा पांढरा गणवेश घालून. तो मी मोठ्या हौसेनं घातला होता. त्या क्षणी मला वाटलं की जहाजावरचा एक दोर इथं आणून या सगळ्यांच्या पायात घालावा.

मी सुट्टी संपवून परत गेलो. झडती गावातच राहिली. ती इतकी जमली होती की दरवर्षी पोळ्याला पोरं ती आपणहून म्हणू लागली, जणू पोळ्याचं गाणंच. पुढच्या पोळ्यापासून बाबा आपली जोडी रांगेत सगळ्यात मागे उभी करू लागले. मी सुट्टीवर आलो की माय मला सगळं सांगायची. आज चक्कीवर भांडले, परवा एसटीच्या थांब्यावर कोणाशी तरी भांडले, न्हाव्याकडे दाढी अर्धी सोडून उठून आले. कारण एकच. कोणीतरी हूक म्हणालं, आणि बाबा पेटले. "माया पोरगा उडतं जहाज थांबवते, तुमच्या बापानं बैल तरी थांबवला का?" असं ते विचारायचे. गावाला त्यांना चिडवण्याची चटकच लागली होती.

मी पुरावा आणू शकत नव्हतो. डेकवर फोटो काढायला बंदी होती. पेपरात जहाजाचा फोटो आला होता म्हणे, पण आमच्या गावात पेपर यायचा तो कापडवाल्यांच्याच दुकानात, आणि दुसऱ्या दिवशी त्यात पोलक्याचा तुकडा बांधून जायचा. एकदा मी माईसमोर जमिनीवर काडीनं चित्र काढून दाखवलं. माय म्हणाली, "तू मनतं त असनच, बापू." तिला चित्रापेक्षा मी जेवलो की नाही याची चिंता.

एक गोष्ट मला त्या वर्षांत फार सुखाची वाटायची. बाबांनी मला कधी एकही प्रश्न विचारला नाही. एवढं भांडायचे, पण घरात बसून 'ते जहाज कसं असते रे?' असं कधी विचारलं नाही. मला वाटायचं, बापाचा विश्वास असावा तर असा. पटवून द्यायचीही गरज नाही. जहाजावर माझ्या मित्रांना मी हे अभिमानानं सांगायचो.

नोकरी पुरी करून मी गावी आलो आणि शेतीत लागलो. शेपटीवाला हे नाव माझी वाट पाहतच होतं. बाबा आता थकले होते, पण भांडण सोडलं नव्हतं. मी त्यांना म्हणायचो, "सोडा न बाबा. मले काई नाई वाटत." ते म्हणायचे, "तुले नसन वाटत. मले वाटते." मग मी विषय बदलायचो, कारण मला वाटत नाही हे काही खरं नव्हतं. आपण आयुष्यात जे सगळ्यात चांगलं केलं ते आपल्याच गावात विनोद होऊन बसलंय, आणि आपला म्हातारा बाप त्या विनोदापायी रांगेच्या शेवटी उभा राहतो, हे रोज खुपायचं. हे असंच संपणार, असं मी धरून चाललो होतो.

मग एका उन्हाळ्याच्या सकाळी गावात बोंब झाली: जामच्या चौकात जहाज पडलं! जाम म्हणजे हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचा चौक, आमच्याहून सायकलच्या अंतरावर. सांगणारा स्वतः पाहून आला होता. "दोन्ही पंख मोडून वर झाले, पायलटचा पत्ता नाई!" गाव निघालं. कोणी पाण्याच्या कळशा घेतल्या, कोणी जखमीला आणायला खाट उचलली. कापडवाले काका दुकानातून मांजरपाटाचा अख्खा तागा खांद्यावर टाकून निघाले, पट्ट्या बांधायला. माणूस जिभेचा तिखट, पण मन असं होतं. मी बाबांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि निघालो.

दोन्ही पंख मोडून वर झाले, हे ऐकताच मला डेकवर पंख मिटून उभी असलेली विमानं दिसली, आणि मी पेडल जोरात मारू लागलो.

चौकात चहाच्या टपरीसमोर एक लांबलचक ट्रेलर उभा होता. त्यावर दोरखंडांनी बांधलेलं ते विमान, पंख मिटून वर उचललेले, अगदी जहाजाच्या पोटात ठेवायचो तसं. पडलंबिडलं काही नव्हतं. नौदलाचे दोन तरुण जवान बाकड्यावर बसून चहा पीत होते आणि एवढ्या कळशा, खाटा आणि कापड कशासाठी आलंय ते त्यांना समजत नव्हतं. वर्ध्याच्या एका शाळेला दिलेलं विमान घेऊन ते निघाले होते.

मी सायकल टाकली आणि उभा राहिलो. डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत. हेच विमान मी कधी सोडवलेलं असेल, नसेल. अंगावरचा नंबर रंगाखाली गेला होता. एका जवानानं माझ्याकडे पाहून विचारलं, "आप?"

मी म्हणालो, "डेक पर था. हूक छुडाता था."

तो ताडकन उठला, चहा खाली ठेवला, आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाला, "उस्ताद!" हे सगळं गावासमोर झालं. गाव कळशा धरून उभं होतं.

बाबा मात्र तिकडे पाहत नव्हते. ते ट्रेलरला वळसा घालून विमानाच्या मागे गेले होते. शेपटीखाली तो हूक होता, माझ्या दंडाएवढा, खालच्या टोकाला वाकलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. वाकलेल्या टोकावरून हात फिरवला, ओढून पाहिला. मग मोठ्यानं ओरडले, "अरे, हा त गळ हाय!"

गळ आमच्याकडे घरोघर असतो. विहिरीत बादली पडली की दोराला बांधून सोडायचा आणि तिचा कान पकडून वर ओढायचं. गळ म्हटल्याबरोबर गावाच्या तोंडावर उजेड पडला. शेपटीले गळ, खाली दोर, गळ दोराला धरतो. यात न समजण्यासारखं काय आहे? एक जण म्हणाला, "मंग थांबनच न बुवा." मिटलेले पंखही सगळ्यांना आपोआप कळले. घर लहान असलं की खाट उभी करून ठेवतात, तसंच. इतकी वर्षं ज्यासाठी मी जीव तोडला ते बाबांच्या एका शब्दात संपलं.

कापडवाले काका खांद्यावर तागा घेऊन पुढे आले. त्यांनीही गळाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून खरोखरच्या रागानं म्हणाले, "गळ मनाचं होतं न, लेका! हूक काऊन मनत राह्यला एवढे वर्सं?"

नौदलात हूक म्हणतात म्हणून मी हूक म्हटलं. रोज जो शब्द कानावर पडायचा तोच तोंडात बसला होता, आणि आपल्या घरात खुंटीला टांगलेला शब्द मला एकदाही सुचला नाही. मी हसायला लागलो. काकाही हसले, आणि मांजरपाटाच्या ताग्यातून एक मोठा तुकडा फाडून त्यांनी तो बाबांच्या डोक्याला फेट्यासारखा गुंडाळला.

त्या पावसाळ्यात बाबा विचित्र वागू लागले. शेतात डवरणी करताना पुटपुटायचे, जेवताना मधेच बोटं मोजायचे. पोळ्याच्या दिवशी त्यांनी जोडी रांगेत पुढे आणून उभी केली, पूर्वीच्या जागी. पोरांनी नेहमीची झडती म्हटली. गजर झाला. मग बाबांनी कासरा माझ्या हातात दिला, पुढे झाले, आणि आयुष्यातली पहिली झडती टाकली:

"समुद्रपूरले समुद्र नाई, इहिरीत हाय पानी,
बादली बुडल्यावर कळे गळाची कहानी!
जहाजाच्या शेपटीचा गळ म्या हातानं पाह्यला,
हुकाले हसला गावात जो, तो पोलकंच इकत राह्यला!"

असा गजर मी आमच्या पोळ्यात त्याआधी ऐकला नव्हता. कापडवाले काका सगळ्यात जोरात ओरडत होते. त्यांनी बाबांच्या कपाळाला गुलाल लावला, बैलांना लावला, आणि मग माझ्याकडे येऊन मलाही लावला. पोळा फुटला, बैलांची रांग सुटली आणि बाबांची जोडी सगळ्यात आधी घराकडे पळाली.

चार दिवसांनी बाबा म्हणाले, "चाल, वर्ध्याले जाऊ. पंख उघडलेलं पाहू दे मले." आम्ही एसटीनं गेलो. शाळेत विमान ओट्यावर चढलं होतं, ताजा रंग, पंख पसरलेले. बाबांनी ते चहूबाजूंनी पाहिलं. शेवटी मागे गेले, आणि त्यांना गळ वर बांधलेला दिसला. "हे काऊन बांधलं?" ते कुरकुरले. मग ओट्याच्या कडेला बसले, शेपटीच्या सावलीत, आणि म्हणाले, "तुले एक सांगू का? जामले जाईपर्यंत मले पटलं नोहोतं."

"काय नोहोतं पटलं?"

"तुयं जहाजावरचं जहाज. मले वाटे, तू तिथं भांडे घासत असशीन, नाईतर रांधत असशीन. अन् इथं लाजंनं कायबी सांगत असशीन."

चक्कीवरचं भांडण, अर्धी दाढी, रांगेतली शेवटची जागा, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "मंग एवढे भांडले कायले, बाबा? एक डाव मले इचारलं असतं."

बाबा म्हणाले, "इचारलं असतं, अन् तू अडखळला असता, त मंग मी कोनाच्या भरोशावर भांडलो असतो?"

लढाईत मी विमानं सोडवली त्याचा मला अभिमान आहेच, तो मी लपवत नाही. पण हा माणूस मला खोटारडा समजत होता आणि तरी अख्ख्या गावाशी एकटा भांडत होता, कारण मी त्याचा होतो. एवढा बाप मला मिळाला, हा माझा त्याहून मोठा अभिमान आहे.

बाबा उठले. त्यांनी शेपटीखाली हात घालून ती तार उलगडली आणि गळ हलकेच खाली सोडला, जिथं तो असायला हवा तिथं. मग हात धोतराला पुसून म्हणाले, "चाल आता, बस निंघून जाईन."